देठाला धरा, हात मोकळे सोडा

न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांचा कर्करोग. जालीम औषधांनी तो मारायचा, तर हाडांतली मज्जाही मरते. म्हणून मुलाची मज्जा आधी काढून ठेवायची आणि औषधे देऊन झाली की परत भरायची. पण त्या मज्जेतच रोगाच्या पेशी दडून बसल्या असतील तर? १९८४ साली लंडनच्या डॉक्टरांनी अशा पेशी चक्क चुंबकाने वेचून काढल्या. त्यासाठी नॉर्वेचे रसायनशास्त्रज्ञ जॉन उगेलस्टाड यांच्या पद्धतीचे चुंबकीय मणी वापरले होते.

ते मणी काही मायक्रॉनचे होते. आता पन्नास नॅनोमीटरचे कणही मिळतात. एका मिलिमीटरच्या रेघेवर वीस हजार बसतील! आत लोहाचे ऑक्साइड, वर डेक्स्ट्रानसारख्या पॉलिमरचे वेष्टण. चुंबक जवळ आणला की हे कण ओढले जातात, दूर नेला की त्यांचे चुंबकत्व संपते. त्यामुळे ते एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत.

मात्र पेशी ओळखणे कणाच्या हाती नाही. ते काम प्रतिपिंडाचे, म्हणजे एका प्रथिनाचे. त्याचा आकार इंग्रजी 'वाय'सारखा. ओळख असते ती वरच्या दोन हातांच्या टोकांत. हे प्रथिन वेष्टणाला जोडायचे कसे? वेष्टणावर कार्बोक्सिल गट असतात. कार्बोडायइमाइड नावाचे रसायन त्यांना जागे करते आणि प्रथिनातल्या लायसिनचा अमाइन गट तिथे पक्का बांधला जातो. गंमत अशी, की प्रथिनाच्या स्वतःच्या साखळीतले दुवेही याच जातीचे असतात.

खरी अडचण पुढेच आहे. लायसिन प्रथिनाच्या अंगभर विखुरलेले. प्रतिपिंड हातांकडून चिकटले, तर ते आंधळे झाले म्हणून समजा. कण प्रथिनांनी गच्च भरलेला, पण पेशी काही सापडत नाही. सगळे शब्द असूनही ओळ मुकी राहते, हे आम्हा कवींना नवे नाही!

यावर उपाय आहेत. प्रतिपिंडाच्या देठावर साखरेच्या साखळ्या असतात, तिथून जोडायचे. किंवा जिवाणूंपासून मिळणारे 'प्रोटीन ए' आधी कणावर बसवायचे. ते देठालाच धरते, हात मोकळे राहतात.

नवशिक्यांची फजिती होते ती 'ट्रिस' या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या द्रावणाने. त्यातही अमाइन असते, त्यामुळे प्रथिनाची जागा तेच बळकावते. म्हणून जाणकार ते जोडणी झाल्यावर घालतात, उरलेल्या जागा बुजवायला.