हाताने चालते, प्रोग्रॅममधून अडते



पौडहून आत वळलं की कोळवणचं खोरं लागतं, भातखाचरांचं. समजा, इथल्या एका भातगिरणीत हिशोब संगणकावर आहे. पोत्यांचं वजन झालं की मालक ‘पावती’चं बटण दाबतात आणि हिशोबाचा प्रोग्रॅम पायथनमधली एक वेगळी स्क्रिप्ट चालवतो. स्क्रिप्ट हाताने चालवली तर पावती झकास निघते. बटण दाबलं की फक्त ‘पावती तयार झाली नाही’. शेतकरी पोती उतरवून ताटकळत उभा. संगणक तोच, स्क्रिप्ट तीच. मग बदललं काय? स्क्रिप्टभोवतीची परिस्थिती.

माझा पहिला संशय फाइलच्या पत्त्यावर. फोल्डरचं नाव ‘भात खरेदी’, मधे मोकळी जागा. सगळी आज्ञा एका ओळीत जोडून पाठवली की पत्ता तिथेच तुटतो. पायथन ‘भात’ नावाची फाइल शोधतो आणि ‘नो सच फाइल’ म्हणतो. खरी फाइल डोळ्यांसमोर असते, म्हणून माणूस चक्रावतो. स्क्रिप्टचा पत्ता आणि तिला द्यायची माहिती एका वाक्यात न जोडता यादी करून सुटी सुटी द्यावी. पायथनच्या सबप्रोसेसमध्ये ती सोय आहे.

मग चालू फोल्डर. स्क्रिप्ट दरांची फाइल नुसत्या नावाने उघडत असेल, तर ती शोधली जाते चालू फोल्डरमध्ये, आणि तो ठरतो स्क्रिप्ट कुणी सुरू केली त्यावर. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये ‘स्टार्ट इन’ची चौकट रिकामी सोडली, तर काम थेट ‘सिस्टिम ३२’मध्ये सुरू होतं. तिथे भाताचे दर कुठून सापडणार? स्क्रिप्टने स्वतःच्या जागेवरून पूर्ण पत्ता काढावा.

आपल्याला सर्वांत जास्त छळतं ते मात्र देवनागरी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तरी स्क्रिप्टने गावाचं नाव ‘कोळवण’ छापलं की कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ते नीट उमटतं, आणि तेच प्रोग्रॅमकडे पाठवताना स्क्रिप्ट कोसळते. कारण असं: विंडोजवर पायथन ३.६पासून खिडकीत लिहिताना युनिकोड वापरतो; पण मजकूर दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जाणार असेल, तर अनेक संगणकांवर तो अजून १२५२ नावाची जुनी वर्णसारणी घेतो. तिच्यात युरोपीय अक्षरं आहेत, आपलं एकही नाही. यूटीएफ-८मध्ये मात्र ‘कोळवण’ पंधरा बाइटांत व्यवस्थित बसतं. म्हणून स्क्रिप्ट सुरू करताना ‘पायथन-यूटीएफ-८’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करावं, आणि वाचणाऱ्या प्रोग्रॅमलाही यूटीएफ-८च सांगावं. फक्त स्क्रिप्टची बाजू दुरुस्त केली, तर पावतीवर गावाच्या नावाऐवजी चित्रविचित्र खुणा येतात.

हे सगळं स्क्रिप्ट सांगत असतेच. चुकीबद्दलचा मजकूर ती वेगळ्या वाटेने, स्टँडर्ड एररवर, पाठवते आणि संपताना एक आकडा परत देते. शून्य म्हणजे काम झालं, दुसरा काहीही म्हणजे बिघडलं. मूळ प्रोग्रॅम लिहिणारे बरेच जण तो मजकूर फेकून देतात. मला याचा राग येतो, कारण गिरणीत उभ्या असलेल्या माणसाचा त्यात वेळ जातो. तो मजकूर तारखेसह एका फाइलमध्ये साठवा. शिवाय स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच तीन गोष्टी तिथे लिहून घ्या: चालू फोल्डर कोणता, पायथन कुठला, आणि हाती आलेली माहिती कोणती. मग हाताने चालवताना एकदा आणि बटणाने एकदा, अशा दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचा. बहुतेक वेळा फरक तिथेच दिसतो.