साक्ष आवाजाची

आकाशवाणीवर बोलणारा मनुष्य श्रोत्यांना दिसत नाही. तरीही ओळखीचा आवाज कानी पडताच, कोण बोलत आहे हे सांगावयास कोणी अडखळत नाही. घरोघरी सहज घडणारी ही ओळख न्यायालयात मात्र संशयाचा विषय ठरू शकते.

आंध्र प्रदेशातील एका जन्मांध तरुणीवर अशीच वेळ आली. २०११ साली, मार्च महिन्यात, तिच्यावर राहत्या घरी बलात्कार झाला. आरोपी तिच्या भावांच्या परिचयातील होता व घरी त्याचे येणेजाणे असे. तिने त्यास आवाजावरून ओळखले. जिने पाहिलेच नाही, तिच्या शब्दावर एखाद्यास शिक्षा द्यावी काय, या प्रश्नाचा निकाल अखेर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०२१ रोजी दिला. अपंग स्त्री जगाशी निराळ्या रीतीने व्यवहार करते, एवढ्याच कारणास्तव तिची साक्ष दुबळी मानता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले आणि आरोपीची जन्मठेप कायम केली.

अशा स्त्रियांसाठी कायद्याने वाट आधीच आखून दिली होती. २०१३ च्या दुरुस्तीने आलेल्या तरतुदी १ जुलै २०२४ पासून अंमलात असलेल्या नव्या संहितांतही कायम आहेत. लैंगिक अत्याचाराची फिर्याद देण्यासाठी अपंग स्त्रीने ठाण्याची पायरी चढलीच पाहिजे असे नाही. पोलिसांनी तिच्या घरी, अथवा ती सांगेल त्या सोयीच्या ठिकाणी जाऊन ती नोंदवावयाची असते. त्या वेळी दुभाषी अथवा विशेष शिक्षक हजर असावा व जबाबाचे चित्रीकरण व्हावे, असाही दंडक आहे. जिला बोलता येत नाही, तिने न्यायालयात खुणांनी दिलेली साक्ष ही तोंडी साक्षच मानली जाते.

तथापि, हे हक्क ठाणे अंमलदारास ठाऊक नसतील, किंवा खुणांची भाषा जाणणारा दुभाषी तालुक्यात मिळत नसेल, तर ते पुस्तकातच राहावयाचे. म्हणूनच त्या निकालात न्यायालयाने न्यायाधीश व पोलीस यांच्या प्रशिक्षणावर आणि दुभाषांच्या नेमणुकीवर भर दिला. त्याही आधीचा अडसर पुष्कळदा घरातच असतो. अब्रूच्या भयाने आई-बापच मुलीला गप्प बसवितात. तिची फिर्याद ऐकण्यास पोलीस घरी येऊ शकतात, ही गोष्ट प्रथम त्या आई-बापांच्या कानी गेली पाहिजे.