विस्मरणांतील वडीलधाऱ्यांची घरची शुश्रूषा



आजाऱ्यांना कम्युनियन देण्यास आम्ही घरोघरीं जातों, तेव्हां स्मृतिभ्रंशाचे वृद्ध आतां वारंवार भेटतात. साठीपुढील सुमारें ८८ लक्ष भारतीयांना हा विकार असावा, असा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झाला.

पगारी बाई ठेवणें म्हणजे आईला टाकणें, असें कित्येकांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. अंघोळ घालणें, अंथरूण बदलणें, रात्रभर जागणें, हीं कामें वर्षानुवर्षें एकट्या सुनेवर सोंपवून तिला सोशिक म्हणणें, ही स्तुति फार स्वस्त आहे. रात्रीसाठीं बाई ठेवावी आणि परदेशांतील भावांनींहि तिच्या पगाराचा वांटा उचलावा.

मात्र सायंकाळ घरच्यांनीं आपल्याकडे ठेवावी. दिवेलागणीस पुष्कळ रोग्यांची अस्वस्थता वाढते. घरांत बसूनच "मला घरीं न्या" असा घोशा सुरू होतो. दिवसाची बाई जाऊन रात्रीची यावयाची वेळहि नेमकी हीच! शिवाय अलीकडचें आधीं पुसलें जाऊन जुनें मागाहून जातें. म्हणून आपल्या वसईंतील एखादी आजी अखेरीस सामवेदी किंवा वाडवळी बोलींतच बोलूं लागते. परगांवच्या बाईला ती कशी कळावी? अशा वेळीं लेकानें जवळ बसावें, वाद घालूं नये, रोझरी सुरू करावी. पुष्कळदां तिचे शब्द तोंडून आपोआप येतात.

बाईलाहि आठवड्याची सुटी हवी. ती रविवारीं असेल, तर आळीपाळीनें मिस्साला या. रोग्यापाशीं थांबावें लागल्यानें ज्याचा मिस्सा चुकेल, त्याला पाप लागत नाहीं, हें आम्ही येथें स्पष्ट सांगून ठेवतों.