सर्वश्रेष्ठ गोलंदाज कोण? एका राहिलेल्या वादाबद्दल
(दहावी 1996 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय सुचवला आहे ‘शाळेने मला काय दिलं’. माझ्या आधी चौघं यावर बोलले. चौघांनीही सांगितलं की शाळेने शिस्त दिली. या चौघांनाही मी वर्गाबाहेर अंगठे धरून उभं राहिलेलं पाहिलेलं आहे. त्यामुळे मी विषय बदलते, सरांनी माफ करावं.

माझा विषय आपल्याच वर्गात अर्धवट राहिलेला आहे. दहावीची पूर्वपरीक्षा संपली होती, विश्वचषक जवळ आला होता, आणि एका ऑफ तासाला सर म्हणाले, गोंगाट करायचाच आहे तर नीट करा. फळ्यावर त्यांनी लिहिलं, ‘एकदिवसीय क्रिकेटमधील सर्वश्रेष्ठ गोलंदाज कोण?’ आणि वादविवाद सुरू झाला. आठवतंय ना? काहींना आठवत असेल. मला तर चांगलंच आठवतंय, कारण वर्गातली आकड्यांची वही माझ्याकडे होती.

त्या वहीबद्दल आधी सांगते. ओहोटी लागली की आपली मुलं समुद्रावर खेळायला जायची. ओली वाळू टणक, चेंडू छान उसळायचा, आणि भरतीचं पाणी मिडऑनपर्यंत आलं की सामना संपला. मुलींना खेळायला कोणी बोलवत नसे. मी भावाच्या मागे मागे जायचे म्हणून मला काम मिळालं, स्कोअर लिहायचं. दोनशेपानी वही होती. पुढच्या बाजूने आपले सामने आणि मागच्या बाजूने खरे सामने. पेपर एसटीने यायचा. त्यातले धावफलक आणि ‘एकच षट्कार’चे हातोहात फिरून फाटलेले अंक, एवढंच माझं भांडार.

तर त्या तासाला नावं आली ती अशी. पहिलं अर्थातच कपिल देव, 253 बळी घेऊन निवृत्त झालेला. मग कुंबळे. नोव्हेंबर 1993 मध्ये हिरो कपच्या अंतिम सामन्यात त्याने ईडन गार्डन्सवर वेस्ट इंडीजचे 12 धावांत 6 बळी घेतले, तेव्हा आपण आठवीत होतो. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग हात उंचावून लेगस्पिन टाकत शाळेत आला होता. कोणी अॅम्ब्रोज म्हणालं, कोणी वकार. आणि तिसऱ्या बाकावरचा आपला एक मित्र उभा राहून म्हणाला, वसीम अक्रम.

आता हा मित्र कोण ते सगळ्यांना कळलं असेल. मी नाव घेत नाही. डावखुरा. टेनिस बॉलच्या अर्ध्या भागाला काळी चिकटपट्टी लावायचा आणि पद्मदुर्गाच्या बाजूने पळत येऊन चेंडू असा आत आणायचा की फलंदाजाच्या पायावर बसायचा. तो वसीमबद्दल बोलत होता ते ऐकीव नव्हतं, कळून होतं. चेंडूची एक बाजू गुळगुळीत आणि एक खडबडीत राहिली की जुना चेंडू उलटा का वळतो, हे त्याने आम्हाला फळ्यावर काढून दाखवलं. 1992 च्या अंतिम सामन्यात मेलबर्नला वसीमने लागोपाठच्या दोन चेंडूंवर लॅम्ब आणि लुईस यांच्या दांड्या कशा उडवल्या, तेही दाखवलं.

सर तेवढ्यात कोणाच्या तरी हाकेवर ऑफिसात गेले होते. आणि मागून एक वाक्य आलं. ते वाक्य मी इथे म्हणणार नाही. वसीम कुठल्या देशाचा, आपला मित्र कुठल्या मोहल्ल्यातला, आणि मग त्याने कुठे जावं, असल्या जातीचं ते वाक्य होतं. वर्ग हसला. सगळे नाही, पण हसला.

तो खाली बसला. सर परत आले, मतदान घेतलं. त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, ‘कपिल देव, सर.’

माझ्या वहीत त्या दिवशी आकडा होता. एकदिवसीय सामन्यांत जगात सर्वांत जास्त बळी तेव्हा वसीमच्याच नावावर होते, कपिलला त्याने मागे टाकलेलं होतं. मी पान उघडून बसले होते. मला फक्त उभं राहून वाचायचं होतं. मी उभी राहिले नाही. मुलीला काय कळतंय म्हणतील, हे एक कारण मी पुढे बरीच वर्षं स्वतःला देत आले. खरं कारण वेगळं होतं. पुढचं वाक्य माझ्यावर येईल याची भीती वाटली.

आज तीस वर्षांनी तो आकडा वाचायला मी उभी आहे. आणि नुसता आकडा नाही, थोडी उजळणीही करून आले आहे. संगणकाच्या कंपनीत माझं रोजचं काम म्हणजे दोन पद्धतींपैकी कोणती चांगली हे मोजून सांगणं. तिथे पहिला धडा हाच मिळतो की एकाच आकड्यावर निकाल देऊ नये.

गोलंदाजाचे तीन आकडे धरू. एका बळीसाठी किती धावा दिल्या ती सरासरी. एका षटकात किती दिल्या तो दर. आणि किती चेंडूंनी एक बळी मिळाला तो तिसरा. तिसऱ्याला दुसऱ्याने गुणून सहाने भागलं की पहिला येतो, इतकं साधं गणित आहे. आता वसीम आणि वकार बघा. वसीमचे 356 सामन्यांत 502 बळी, सरासरी 23.52. वकारचे 262 सामन्यांत 416 बळी, सरासरी 23.84. जवळजवळ सारखे. पण वसीम षटकाला 3.89 धावा देतो आणि साधारण 36 चेंडूंनी बळी घेतो. वकार 4.68 देतो आणि 30-31 चेंडूंनी घेतो. एक कंजूष, एक उधळ्या, महिनाअखेर शिल्लक तीच! मुरलीधरन सर्वांत पुढे, 534 बळी, सरासरी 23.08. मॅकग्राचे 381, सरासरी 22.02. आणि सर्वांच्या वर जोएल गार्नर. फक्त 98 सामने, 146 बळी, पण सरासरी 18.84 आणि षटकाला 3.09 धावा.

मग गार्नरच ना? थांबा. गार्नर खेळला तेव्हा षटकाला चार धावा म्हणजे चांगली धावगती होती. आजच्या गोलंदाजाला पाच दिल्या तरी शाबासकी मिळते. शिवाय 2011 पासून दोन टोकांनी दोन नवे चेंडू आले. चेंडू पुरेसा जुनाच होईना, आणि आपल्या मित्राने फळ्यावर काढलेली ती उलटी वळणारी कला एकदिवसीय सामन्यांतून जवळजवळ गेली. वेगवेगळ्या काळांतले आकडे शेजारी मांडणं म्हणजे ओहोटीला मोजलेली आणि भरतीला मोजलेली खोली एकच समजणं. कोळीवाड्यातलं लहान पोरही ते करणार नाही.

आपल्या महाराष्ट्रातही हा वाद सोपा नाही. श्रीरामपूरचा झहीर आणि मुंबईचा आगरकर घ्या. झहीरचे 200 सामन्यांत 282 बळी. आगरकरचे 191 सामन्यांत 288. सरासरी आगरकरची चांगली. पहिले 50 बळी त्याने 23 सामन्यांत घेतले, तो तेव्हा विश्वविक्रम होता. तरी कोणालाही विचारा, झहीरचंच नाव येतं. का? 2003 च्या अंतिम सामन्यात त्याच्या पहिल्या षटकात 15 धावा गेल्या. त्याच माणसाने आठ वर्षांनी वानखेडेवर अंतिम सामन्यात पहिल्या 5 षटकांत 3 निर्धाव टाकली, 6 धावा दिल्या आणि एक बळी घेतला. त्या स्पर्धेत त्याचे 21 बळी होते. नंतर त्याच सामन्यात तोही महागात पडला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते त्याचं परत येऊन उभं राहणं. ते सरासरीत बसत नाही.

आणि आपल्या त्या फळ्यावरच्या यादीत एकही बाई नव्हती. माझ्याही वहीत नव्हती, हा दोष माझाच. झूलन गोस्वामी 1997 मध्ये महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ईडन गार्डन्सवर सीमारेषेबाहेरचे चेंडू उचलून देत होती. 2022 मध्ये लॉर्ड्सवर निवृत्त झाली तेव्हा तिचे 204 सामन्यांत 255 बळी होते, महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये सर्वांत जास्त. आणि गेल्या 2 नोव्हेंबरला, इथून खाडीपलीकडे नेरूळला, दीप्ती शर्माने अंतिम सामन्यात 39 धावांत 5 बळी घेतले आणि आपण जिंकलो. त्या रात्री माझी मुलगी मला म्हणाली, ‘आई, तू नुसता स्कोअरच लिहायचीस?’ उत्तर देता आलं नाही.

तर माझा निकाल. 1996 च्या फेब्रुवारीत, त्या दिवशी, त्या फळ्यावर, वसीम अक्रम हेच उत्तर बरोबर होतं. आजही डावखुऱ्यांत मी त्यालाच पहिला ठेवीन. कोणाला मुरली म्हणायचं असेल, मॅकग्रा म्हणायचं असेल, तर चहाच्या वेळी भांडू. पण उत्तर देणाऱ्याचा मोहल्ला बघून उत्तर चूक ठरवायचं नसतं, एवढं आपल्याला दहावीत कळायला हवं होतं.

त्या तासानंतर महिन्याभरात, 9 मार्चला, बंगळूरला भारत-पाकिस्तान उपांत्यपूर्व सामना झाला. दहावी डोक्यावर असताना आपण सगळे एका घरात दाटीवाटीने बसलो होतो. जडेजाने वकारला धुतला, प्रसादने सोहेलची दांडी उडवली, आणि रस्त्यावर नाचणाऱ्यांत सर्वांत पुढे आपला हाच मित्र होता. ओरडून घसा बसला होता त्याचा. दुखापतीमुळे वसीम त्या सामन्यात खेळलाच नव्हता. पण खेळला असता तरी हा नाचलाच असता. गोलंदाज आवडणं वेगळं आणि घर कुठलं हे वेगळं. त्याला दोन्ही नीट माहीत होतं, गोंधळ आपला होता.

2021 मध्ये दुबईला आपण पाकिस्तानकडून हरलो आणि लोकांनी शमीला त्याच्या धर्मावरून नको नको ते बोललं. तेव्हा कर्णधार विराट कोहली सर्वांसमोर उभा राहून त्याच्या बाजूने बोलला. ते बघताना मला आपला वर्ग आठवला. कर्णधार असावं लागत नाही हो. तिसऱ्या बाकापासून दोन बाकं मागे वही घेऊन बसलेली मुलगीही बोलू शकते. दोन वर्षांनी शमीने वानखेडेवर न्यूझीलंडचे 57 धावांत 7 बळी घेतले, ते वेगळं. नसते घेतले, तरी ते बोलणं चूकच होतं.

2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळात आमच्या घराची कौलं उडाली, वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या. कपाट भिजलं. त्यात ती वही निघाली. बरीचशी शाई वाहून गेली होती, पण मागचं ते पान वाचता येत होतं. तेव्हाच ठरवलं होतं की पुन्हा सगळे भेटलो की हे बोलायचं.

बोलायच्या आधी मी त्याला फोन केला, विचारलं, सांगू का? आधी म्हणाला, ‘अगं, मला कुठलं आठवतंय ते!’ मग थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, ‘सांग. पण आकडे बरोबर सांग.’

आकडे बरोबर आहेत रे. उशीर झाला, त्याबद्दल माफी मागते.

उद्या सकाळी ओहोटी आहे आणि समुद्रावर सामना ठरलाय. बॉलला पट्टी तूच लाव. स्कोअर लिहायला या वेळी मुलांपैकी कोणीतरी बसा. पहिलं षटक मी टाकणार आहे.