यंत्राला कळेल असे लिहिणे
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



भाषा शिकवणाऱ्या मास्तराचा संगणकाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो दिवसेंदिवस वाढत आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

‘एजंट’ हा शब्द आपल्याला तहसील कचेरीमुळे चांगला परिचित आहे. कोणता कागद कोणत्या खिडकीवर द्यायचा हे त्याला पाठ असते आणि अडलेच तर तो आत जाऊन विचारून येतो. आता संगणकाच्या जगातही एजंट आले आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा हा एजंट आपण सांगितलेले काम, म्हणजे अर्ज भरणे, तिकीट काढणे, हिशेब जुळवणे, स्वतः पार पाडू पाहतो. त्यासाठी तो संगणकावरील निरनिराळी साधने वापरतो. कोणते साधन कशासाठी, हे त्याला कळते ते त्या साधनाबरोबर लिहिलेल्या वर्णनावरून. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची पद्धत सर्वांसाठी खुली केली. तीत प्रत्येक साधनाचे नाव, साध्या भाषेतील वर्णन आणि कोणत्या रकान्यात कशी माहिती हवी, हे दिलेले असते. हे वर्णन अपुरे असले तर हा नवा एजंट पुष्कळदा कोणाला विचारीत बसत नाही; तो अंदाज बांधतो आणि पुढे जातो. धोका आहे तो इथेच.

आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. नांदेड-लातूरकडे ‘शेख सलीम शेख युसूफ’ असे नाव लिहिण्याची रीत आहे. अर्जात मात्र रकाने तीन: नाव, मधले नाव, आडनाव. कोणी ‘शेख’ आरंभी लिहितो, कोणी शेवटी. मग शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि बँकेच्या पासबुकावर तिसरे, असे होऊन बसते. नावे जुळत नाहीत म्हणून शिष्यवृत्ती अडली तर नुकसान मुलाचे होते. उद्या हाच अर्ज यंत्र भरणार असेल, तर रकान्यापुढे नुसते ‘नाव’ लिहून भागणार नाही. ‘आधार कार्डावरील क्रमानेच नाव लिहावे, “शेख” हा शब्द मागेपुढे करू नये, दाखल्याशी जुळत नसेल तर अर्ज न पाठवता पालकांना विचारावे’, असे स्पष्ट लिहावे लागेल. तारखेचेही तसेच. ०५/०६/२०१२ म्हणजे आपल्याकडे पाच जून. अमेरिकेत तोच आकडा सहा मे होतो.

पैशाच्या व्यवहारात तर ही काळजी अधिकच हवी. यूपीआय २०१६ साली मुंबईत सुरू झाले. व्यवहार फसला तर त्यात कारणाचा संकेतांक मिळतो. ‘झेड ९’ म्हणजे खात्यात पुरेशी रक्कम नाही, ‘झेड एम’ म्हणजे पिन चुकला. दोन्ही वेळा व्यवहार फसलाच, पण उपाय वेगळे. नुसते ‘व्यवहार अयशस्वी’ एवढेच कळले तर यंत्राने काय करावे? आणि व्यवहार प्रलंबित असताना त्याने पुन्हा पैसे पाठवले तर? ऑक्टोबर २०२५ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, रेझरपे आणि ओपनएआय यांनी चॅटजीपीटीमधून यूपीआयने खरेदी करण्याचा प्रयोग जाहीर केला. तेव्हा हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही.

म्हणून असे वर्णन लिहिणाऱ्याने चार गोष्टी सांगाव्यात. साधन काय करते. ते केव्हा वापरू नये. प्रत्येक रकान्यात नेमके काय भरावे, नमुन्यासह. आणि काम फसले तर पुढे काय करावे, कुठे थांबून माणसाला विचारावे.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम आपल्या परंपरेला परके नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मी यांनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला. आजच्यासारखी चिन्हे न वापरता, प्रत्येक पायरी त्यांनी शब्दांत मांडली आणि वारसाहक्काच्या वाटणीची उदाहरणे सोडवून दाखवली. ‘अल्गोरिदम’ हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. वाचणाऱ्याला पायरीपायरीने नेणारे लेखन किती टिकते, याचा हा पुरावा आहे.

तेव्हा मराठीचा वा उर्दूचा तास म्हणजे केवळ गुणांपुरता, असे समजू नका. एक प्रयोग करून पाहा. ग्रंथालयातून पुस्तक कसे घ्यावे, हे दहा ओळींत लिहा आणि ते दुसऱ्या वर्गातील मुलाच्या हाती द्या. त्याने फक्त लिहिले आहे तेवढेच करावे, तुम्ही तोंडाने काही सांगू नये. तो जिथे अडेल, तिथे तुमचे वाक्य दुरुस्त करा. पालकांनाही विनंती, की मुलाला संगणकाच्या वर्गाला जरूर घाला, पण त्याला चार वाक्ये नेटकी लिहिता येतात का, हेही पाहा. संगणक बनवणारे थोडे असतील. त्याला नीट समजावून सांगणारे पुष्कळ लागणार आहेत, आणि ते आपल्या वर्गांतूनही निघू शकतात.