खचलेल्या भाविकाचा पाळक



मी ख्रिस्ती नाही आणि पंडित तर नाहीच. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, हाती येतील ती पुस्तके वाचून झाले. पण खचलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. आमचा एक संप फसला, तेव्हा एक जुना सोबती घरी बसला. मी गेलो आणि तासभर त्याला लढ्याचे महत्त्व समजावले. तो पुन्हा सभेला आला नाही. माझे काय चुकले, ते मला एका पाळकाच्या चरित्रात सापडले.

ख्रिस्ती मंडळीच्या धर्मगुरूला आपल्याकडे पाळक म्हणतात. मेंढरे राखणाऱ्याची उपमा त्यामागे आहे. जॉन न्यूटन हा असा पाळक. तारुण्यात तो गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजाचा कप्तान होता. १७६४ साली तो इंग्लंडमधील ओल्नी गावी, लेस विणून पोट भरणाऱ्या गरिबांत, धर्मोपदेशक झाला. १७६७ साली विल्यम कूपर हा कवी तेथे राहावयास आला. दोघे मिळून स्तोत्रे रचू लागले.

१७७३ साली कूपरचे मन ढासळले. देव नाही, असे तो म्हणत नव्हता. देव आहे, पण त्याने मला कायमचे टाकले, अशी त्याची खात्री झाली होती. त्याने जीव देण्याचाही यत्न केला. अशा माणसाला उपदेश काय करणार? न्यूटनने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले, एक वर्षाहून अधिक काळ. त्याची काळजी वाहणाऱ्या मेरी अन्विन बाईही तेथेच राहिल्या. कूपर बागेत खपू लागला, त्याला खपू दिले.

तो बरा झाला काय? पूर्ण नाही. ती खात्री अखेरपर्यंत गेली नाही. तरी १७७९ च्या स्तोत्रसंग्रहात त्याची साठाहून अधिक स्तोत्रे आली. १७८८ साली न्यूटनने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहिली, त्याच वर्षी कूपरनेही त्याविरुद्ध कविता लिहिल्या. १८०० सालापर्यंत तो जगला.

मित्रहो, माणूस देवळात किंवा सभेला परतला की नाही, हे मोजमाप अपुरे आहे. तो एकटा पडला काय, हे आधी विचारावे. मी सोबत्याला लढा समजावला. घरात चूल पेटते काय, रात्री झोप लागते काय, हे विचारलेच नाही. आता कोणाकडे जातो तेव्हा भाषण कचेरीत ठेवून जातो.