दाराचे रोगण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली आणि पुढे आपल्या कुही तालुक्यातली कितीतरी गावे उठली. आमच्या नव्या घराला दार मात्र जुन्या गावचेच, सागवानी. त्यावर तैलरंग फासला की लाकडाच्या रेषा बुजतात. ते मला सोसवत नाही.

आता पाण्यात कालवलेले रोगण मिळते. डब्यात दुधासारखे दिसते, वाळले की पारदर्शक होते. उग्र वास नाही, कुंचला पाण्यानेच धुवावा. पण नागपूरकडचे ऊन! ते पारदर्शक थरातून आत शिरते, लाकडाचे तंतू जोडणारे द्रव्य कुजवते, आणि वरचा थर पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून डब्यावर ‘बाहेरच्या लाकडासाठी’ आणि ‘अतिनील किरणांपासून संरक्षण’ असे वाचूनच घ्यावे. पश्चिमेच्या दाराला तर किंचित मधाची छटा असलेलेच बरे. अगदी बिनछटेचे ओसरीच्या सावलीतच टिकते.

जवसाचे तेल आपल्या घरचे खरे, पण त्यावर बुरशी धरते. शिवाय तेलाचे बोळे चुरगळून टाकले तर आपोआप पेटतात, ही थट्टा नव्हे.

पहिला हात वाळला की तंतू उभे राहतात. पॉलिश पेपर हलका फिरवून मग पुढचे दोन पातळ हात द्यावेत. भर उन्हात मुळीच नको. आणि दाराची खालची कड! सुतारसुद्धा ती सोडतो, आणि पावसाचे पाणी तिथूनच वर चढते. दरवर्षी मृगाआधी दारावर पाणी शिंपडावे. थेंब लाकडात मुरला, की आणखी एक हात.